पत्रा फुगत नाही: रिव्हेटच्या ॲल्युमिनियम होडीची गळती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतल्या दारूखान्याच्या भंगार बाजारातून १६ फुटी ॲल्युमिनियमची होडी घेतली, बहुधा एखाद्या जुन्या जहाजावरची. मनोरीच्या खाडीत गळ टाकायला नेता. दोन तासांत तळाच्या फळ्यांवर पाणी येतं. आतून दिसेल त्या रिव्हेटवर (पत्रे जोडायला ठोकलेल्या खिळीवर) एम-सील थापलं, ते एका हंगामात पापुद्र्यासारखं निघालं. आता एकजण म्हणतो वेल्डिंग मार, दुसरा म्हणतो बाहेरून फायबर चढव, आणि शेजारचे नाखवा म्हणतात, "चार दिवस पाण्यात ठेव, आपोआप बसेल." नारळी पौर्णिमेच्या आत होडी पाण्यात उतरवायची आहे, तर काय करावं?

मी सांताक्रूझला विमानांच्या हँगरमध्ये पत्र्याचं काम करण्यात उमर घालवली. निवृत्तीनंतर उत्तन-गोराई पट्ट्यात लहान होड्या दुरुस्त करतो. त्यातल्या बहुतेक फायबरच्या असतात, पण वर्षाला तीन-चार ॲल्युमिनियमच्याही येतात, आणि त्या प्रत्येकीवर आधी कोणीतरी काहीतरी थापलेलंच असतं.

नाखवांचं पहिलं बघू, कारण त्यांचा सल्ला चुकीचा नाही, तो दुसऱ्या होडीचा आहे. लाकडाची होडी काठावर ठेवली की सुकते, फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात. पाण्यात सोडली की पहिले दोन दिवस ती पाणी पिते, मग लाकूड फुगतं आणि सांधा मिटतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा अनुभव आहे. पत्रा मात्र फुगत नाही. ॲल्युमिनियमची होडी पाण्यात ठेवून गळती थांबली असं वाटलंच, तर खाडीतला गाळ फटीत जाऊन बसलाय एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या लाटेला तो निघून जातो.

आता खरा प्रश्न. तुम्हाला वाटतं भोक आहे आणि ते बुजवायचंय. माझ्या अनुभवात दहातल्या आठ होड्यांत भोक नसतंच, हालचाल असते. दोन पत्रे एकमेकांवर चढवून, मध्ये पट्टी किंवा सीलंट घालून रिव्हेटने आवळलेले असतात. पाणी अडवतो तो हा आवळ. तीस-चाळीस वर्षांत मधली पट्टी वाळते, रिव्हेट केसभर सैल होतो, आणि दर लाटेला पत्रे एकमेकांवर घासतात. अशा हलणाऱ्या जागेवर एम-सीलसारखी कडक एपॉक्सी लावली तर ती तडकणारच. त्यात एम-सीलचा दोष नाही, नळाच्या सांध्याला ते उत्तमच आहे. नळ लाटांवर आपटत नाही एवढंच.

म्हणून क्रम असा: आधी शोधायचं, मग आवळायचं, सीलंट सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलट करतात, कारण सीलंटची नळी विकत मिळते आणि आवळ विकत मिळत नाही.

शोधण्याआधी दोन गोष्टी आठवून बघा. होडी नुसती उभी असताना पाणी घेते की इंजिन लावून पळवल्यावर? उभ्या-उभ्या घेत असेल तर गळती पाण्याच्या रेषेखाली आहे. पळवल्यावरच घेत असेल तर पुढच्या एक-तृतीयांश भागातले, लाटेवर आपटणारे रिव्हेट बघा, किंवा तळ आणि बाजू जिथे मिळतात तो कोन बघा. आणि होडी बांधता कुठे? आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. मनोरीला बांधलेली होडी दिवसातून दोनदा चिखलात बसते आणि दोनदा उठते. चिखलात दगड किंवा जुना खुंटा असेल तर सगळं वजन तळाच्या एकाच पट्टीवर येतं. माझ्याकडे आलेल्या एका होडीचे मधल्या कण्याचे सलग अकरा रिव्हेट असे सैल झाले होते, बाकी होडी ठणठणीत. ती जागा बदलली नसती तर मी दरवर्षी तेच अकरा ठोकत बसलो असतो.

आता शोध. सगळ्यात आधी बूच. हसू नका. मागच्या बाजूला पाणी काढायचं जे बूच असतं त्याचं रबर कडक झालेलं असतं, किंवा त्याची पितळी चकती पत्र्याला खाऊन बाजूने वाट करून देते. त्यानंतर इंजिन बसतं त्या मागच्या भिंतीचे बोल्ट आणि आधीच्या मालकाने मारलेले स्क्रू. दोन होड्यांची गळती मी निव्वळ दहा मिनिटांत बूच बदलून थांबवली आहे, आणि पैसे घ्यायला लाज वाटली.

बूच ठीक असेल तर फळ्या काढा, तळ उघडा करा, जुनं एम-सील पूर्ण खरवडून काढा. प्लास्टिकचा किंवा लाकडाचा कलथा वापरा. साध्या लोखंडी तारेचा ब्रश पत्र्यावर अजिबात नको. त्याचे लोखंडी कण पत्र्यात रुततात आणि प्रत्येक कणाभोवती गंज धरतो. स्टेनलेसचा, पूर्वी लोखंडावर न वापरलेला ब्रश घ्या, नाहीतर भांडी घासायची हिरवी घासणी.

मग होडी उचलून ठेवा आणि पाणी आत भरा. होय, आत. बाहेरून आलेलं पाणी तळाच्या बरगड्यांच्या कडेने वाहत मागे जातं, त्यामुळे ते साचतं तिथे गळती असतेच असं नाही. आतून भरलं की ते जिथून निघतं तिथेच बाहेर थेंब दिसतो. मात्र वजनाचा हिशोब करा. तळ साधारण ४ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद धरला, तर नुसत्या १० सेंटिमीटर पाण्याला ४८० लिटर लागतात. म्हणजे जवळजवळ अर्धा टन, आणि तो अशा होडीत जिला खालून उचलून धरायला आता समुद्र नाही. दोन टोकांना दोन ठोकळे लावून भरलीत तर मधला तळ झोळीसारखा लोंबेल आणि चांगले रिव्हेटही सैल होतील. कण्याखाली पूर्ण लांबीला लाकडी वासा आणि दोन्ही बाजूंना वाळूच्या गोणी किंवा जुने टायर, असा पलंग आधी करा.

पहिल्या दिवशी फक्त दोन बोटं गोडं पाणी भरून रात्रभर ठेवा. सुकलेलं मीठ आणि गाळ फटी तात्पुरत्या बुजवून ठेवतात. ते विरघळल्याशिवाय केलेली चाचणी खोटा दिलासा देते. दुसऱ्या दिवशी होडी बाहेरून कोरडी पुसा आणि खडूची बारीक पूड स्पिरिटमध्ये कालवून रिव्हेटांच्या रांगांवर पातळ हात मारा. पाच मिनिटांत सुकून पांढरं होतं. मग आत पाणी १० सेंटिमीटरपर्यंत वाढवा आणि टॉर्च घेऊन खाली शिरा. जिथे झिरपतं तिथे पांढऱ्यावर राखाडी ठिपका उमटतो आणि हळूहळू रुपयाएवढा होतो. ठिपका रिव्हेटच्या डोक्याभोवती गोल वाढला तर रिव्हेट सैल. सांध्याच्या कडेला लांबट पसरला तर मधली पट्टी गेली. मोकळ्या पत्र्याच्या मधोमध उमटला तर पत्र्याला भोक किंवा चीर. पक्क्या मार्करने तीन वेगळ्या खुणा करा, फोटो काढा, मग पाणी सोडून द्या.

सध्या पाऊस आहे तर बीएमसीचं पाणी कशाला, पावसालाच होडी भरू दे, असं तुम्हाला वाटेल. मीही करतो. पण समोर बसून. बूच लावलेली होडी उघड्यावर ठेवून झोपू नका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. तेवढा नको, त्याचा चौथा भाग पडला तरी तुमचा पलंग मोडेल.

लोखंडी पत्र्याच्या टाक्या बनवणारे फॅब्रिकेटर हीच चाचणी पाण्याऐवजी रॉकेलने करतात. रॉकेल फार बारीक चिरेतूनही झिरपतं, तपासणी म्हणून ती पद्धत उत्तम. मी होडीला करत नाही. रॉकेल सांध्यात मुरलं की काहीही केलं तरी नंतर तिथे सीलंट धरत नाही.

पाण्याने न सापडलेले सैल रिव्हेट बोटाने सापडतात. बाहेरून एकाने रिव्हेटच्या डोक्यावर लहान हातोडीने टिचकी मारायची, आतून दुसऱ्याने शेपटीवर, म्हणजे ठोकून चपट्या केलेल्या टोकावर, बोट ठेवायचं. घट्ट रिव्हेट वाजतो. सैल रिव्हेट बोटाखाली हलतो, आवाज बसका येतो. आणखी एक खूण म्हणजे डोक्याभोवती काळसर काजळी, पाण्याच्या ओघाच्या दिशेला शेपूट काढलेली. ती घाण नाही, घासून निघालेल्या ॲल्युमिनियमची भुकटी आहे. हँगरमध्ये आम्ही अशा रिव्हेटला धूर सोडणारा म्हणायचो, आणि तसा एक दिसला की शेजारचे चार तपासल्याशिवाय साहेब सही करत नसे.

आता आवळणं. भरीव रिव्हेट सैल असेल आणि त्याचं डोकं, शेपूट शाबूत असेल, तर बदलण्याआधी एकदा पुन्हा ठोकून बघायचा. याला दोन माणसं लागतात, एकट्याने होत नाही. बाहेरून डोक्यावर त्याच गोलाईचा स्नॅप (टोकाला खळगा असलेला पंच) धरायचा, आत शेपटीवर दोन-अडीच किलोची डॉली, म्हणजे पोलादी ठोकळा, दाबून धरायची, आणि स्नॅपवर दोन-तीन जोरदार फटके. हळूहळू दहा फटके मारू नका. ॲल्युमिनियम ठोकून-ठोकून कडक होतं आणि मग शेपटीला चिरा पडतात. डॉलीवाला होडीत, हातोडीवाला खाली, दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, म्हणून आम्ही हँगरची खूण वापरतो. डॉलीवाल्याने पत्र्यावर एक टकटक केली की आणखी मार, दोन केल्या की झालं, तीन केल्या की वाकला, काढून टाक. माझा पुतण्या आता डॉली धरतो. पहिल्या महिन्यात तो तीनच वाजवायचा.

ठोकूनही हलत असेल तर बदला. डोक्याच्या बरोबर मध्यावर पंच मारून, भोकाच्या मापापेक्षा थोड्या बारीक ड्रिलने फक्त डोक्याच्या जाडीपर्यंत जा, डोकं उडवा, बाकीचा दांडा आतून आधार देऊन पंचने बाहेर काढा. आरपार ड्रिल घुसवलंत तर भोक वाकडं होतं आणि मग मोठ्या मापाचा रिव्हेट शोधत फिरावं लागतं. नव्या रिव्हेटची लांबी ठरवायला जुना नियम आहे: पत्र्यांची एकूण जाडी अधिक रिव्हेटच्या व्यासाची दीडपट. तुमच्या होडीला बहुधा ३/१६ इंची, म्हणजे ४.८ मिलिमीटरचे असतील, मोजून घ्या. दोन-दोन मिलिमीटरचे दोन पत्रे असतील तर ४ अधिक ७.२, म्हणजे ११ मिलिमीटरच्या आसपास. ठोकून झाल्यावर शेपूट साधारण ७ मिलिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटर उंच राहिली पाहिजे. त्याहून चपटी झाली तर जास्त ठोकलाय. रिव्हेट आत घालण्याआधी दांड्याला सीलंटचा हात मारा.

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिली ॲल्युमिनियमची होडी आली तेव्हा माझ्याकडे विमानाचे रिव्हेट डबाभर पडून होते. माप तेच, दर्जा एकदम उंची, मी अभिमानाने चाळीस ठोकले. दोन वर्षांनी मालक होडी घेऊन आला, तर डोक्यांच्या जागी पांढरी भुकटी. विमानाच्या त्या रिव्हेटांच्या मिश्रधातूत तांबं असतं, ते हवेत चालतं, खाऱ्या पाण्यात नाही. होडीला मॅग्नेशियमवाला, ५०५६ मिश्रधातूचा रिव्हेट हवा. ओळखायला सोपं आहे. डोक्याच्या मध्यावर बारीक खळगा असेल तर तो तांबं असलेला २११७, घेऊ नका. उठावदार फुली असेल तर ५०५६, तो तुमचा. नागदेवी स्ट्रीटला सुटे रिव्हेट मिळतात, पण दुकानदार "ॲल्युमिनियमच आहे साहेब" एवढंच सांगेल. डोकं उजेडात धरून स्वतः बघा. खूण नसेल तर पाकीट मागा आणि त्यावरचा मिश्रधातूचा नंबर वाचा.

जिथे आत डॉली पोहोचतच नाही, म्हणजे बाकांखाली किंवा बाजूच्या बंद टाक्यांमागे, तिथे नाइलाजाने पॉप रिव्हेट, जो एका बाजूनेच बसवता येतो. पण साधा नको. साधा पॉप रिव्हेट पोकळ असतो, मधली खिळी तुटली की तिच्या वाटेने पाणी येतं, आणि खिळी लोखंडी असेल तर ती गंजून वाट आणखी मोठी करते. बंद टोकाचा मागा. तो बाटलीच्या बुचासारखा मागून बंद असतो. जुन्या जहाजावरची होडी असेल तर बाजूच्या बाकांखाली तरंगण्यासाठी बंद टाक्या असण्याची शक्यता आहे. त्या हलवून बघा, आत पाणी खळखळतं का. खळखळत असेल तर तुमची गळती दोन जागी आहे.

वेल्डिंगबद्दल. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग होतं, चांगलं होतं, पण रिव्हेटच्या सांध्यावर नाही. सांध्यात जुनं सीलंट, मीठ, तेल अडकलेलं असतं, ते जळून वेल्डमध्ये फुगे धरतात. शिवाय पत्रा ६६० अंशांला वितळतो आणि त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्याही वर, त्यामुळे नवखा वेल्डर थर फोडायला जातो आणि खालचा पत्रा गळून पडतो. एक रिव्हेट बंद होतो आणि उष्णतेने शेजारचे चार सैल. फायबर बाहेरून चढवणं त्याहून वाईट. रेझिन ॲल्युमिनियमला नीट धरत नाही, कडेने पाणी आत शिरतं आणि तिथेच अडकून राहतं, आणि पत्रा फायबरखाली कुजतो. कळतं तेव्हा दुरुस्तीला पत्राच उरलेला नसतो.

सीलंट पॉलियुरेथेन घ्या, बोटींसाठीचं. सिकाफ्लेक्स २९१ किंवा ३एमचं ५२०० चालेल. ५२०० जवळजवळ कायमचं धरतं, उद्या तो सांधा उघडायचा असेल तर घाम काढेल. खिडक्यांचं सिलिकॉन लावू नका. त्याची पातळ फिल्म पत्र्यावर राहिली की पुढे दुसरं काहीच तिथे धरत नाही, आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना सोडतं ते आम्ल पत्र्याला खातं. जागा घासा, ॲसिटोनने पुसा, आणि तासाभरात सीलंट लावा, कारण घासलेल्या पत्र्यावर ऑक्साइडचा थर लगेच चढायला लागतो. सकाळी दव सुकल्याशिवाय लावू नका. हवेतल्या दमटपणाने सीलंट घट्ट होतं, पण ओल्या पत्र्यावर धरत नाही. पावसाळ्यात ताडपत्रीखाली काम करा आणि आठवडाभर पाणी लावू नका.

पत्र्याला भोकं असतील तर मात्र सगळा हिशोब बदलतो. पांढऱ्या भुकटीखाली टाचणीच्या टोकाएवढं एखाद-दुसरं भोक असेल तर ते मोठं करून रिव्हेटने बंद करता येतं. तळहाताएवढ्या जागेत दहा-बारा असतील तर पत्राच पातळ झालाय, तिथे ५०५२ मिश्रधातूच्या पत्र्याचा तुकडा, कोपरे गोल करून, खाली सीलंट घालून रिव्हेटने बसवावा लागतो. आणि कारण शोधा. एका होडीत मला बरगडीच्या कोपऱ्यात तांब्याच्या वायरचे कापलेले तुकडे सापडले, वायरिंग करणाऱ्याने झटकून दिलेले. प्रत्येक तुकड्याखाली एक भोक होतं. तांबं, खारं पाणी आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की बॅटरी तयार होते आणि तीत झिजतं ते ॲल्युमिनियम. म्हणूनच लाकडी होडीच्या तळाला लावतात तो तांब्याचा रंग या होडीला लावू नका, आणि स्टेनलेस बोल्टखाली नायलॉनचा वॉशर घाला.

वेळेचं म्हणाल, तर चाचणीला दोन-तीन दिवस, रिव्हेटला दोन, सीलंटला आठवडा. म्हणजे दोन आठवडे धरा, पावसाने साथ दिली तर. जुलै अर्धा व्हायच्या आत सुरुवात केलीत तर नारळी पौर्णिमेला अडचण नाही. भोकं निघाली तर या वर्षी मुहूर्त सोडा.

पहिल्यांदा उतरवताना भांगाचा, म्हणजे भरती-ओहोटीत कमी फरक असलेला, दिवस बघा, पाणी शांत असतं. फळ्या बसवू नका, तळ उघडाच ठेवा, बरगड्यांच्या प्रत्येक कप्प्यात टिश्यू पेपरचा तुकडा टाका. धक्क्याला बांधून तासभर नुसती उभी करा, मग इंजिन लावून अर्धा तास जेट्टीच्या आसपासच फिरवा, लाइफ जॅकेट घालून आणि बादली सोबत ठेवून. जो तुकडा आधी ओला होईल त्याच्या पुढच्या बरगडीपासून पुन्हा बोट लावून तपासायला सुरुवात करा.